बंद असताना चांगला दिसणारा टीव्ही

आम्ही शेवटी टीव्ही घेतला. त्रेचाळीस इंची, दुकानातला सगळ्यात वाईट. तो भिंतीला लागला, बाबा रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसतात, आणि तो अजून एकदाही चालू झालेला नाही.

हे तुम्ही वाचलेलं नाही. आपण असं धरून चालू की टीव्ही अजून घ्यायचाय आणि सगळं नीट होणार याची घरात सगळ्यांना खात्री आहे.

तर, आमचा जुना टीव्ही बिघडला. कधी बिघडला ते सांगता येत नाही, कारण आई गेल्यापासून तो कोणी लावलाच नव्हता. बाबा मात्र रोज संध्याकाळी त्याच्यासमोर सोफ्यावर बसायचे ते जेवणापर्यंत. मी कामावरून यायचो, बूट काढायचो, त्यांच्या शेजारी बसायचो आणि आम्ही दोघं मिळून बंद टीव्ही बघायचो. मध्येच मी विचारायचो, "काय चाललंय?" ते म्हणायचे, "काही नाही." मग मी हातपाय धुवायला जायचो. हे आम्हाला विचित्र वाटायला हवं होतं. तेव्हा आम्हाला काहीच वाटत नव्हतं, त्यामुळे हेही वाटलं नाही.

ते ताईच्या लक्षात आलं. ताई माझी थोरली बहीण. ती औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे जगातल्या कुठल्याही त्रासावर तिच्याकडे काहीतरी असतं आणि ते जेवणानंतर घ्यायचं असतं. एका सुट्टीच्या दिवशी ती आणि भावोजी आले. घरात शिरल्या शिरल्या तिने खिडक्या उघडल्या, बाबांच्या मांडीवरची उशी काढून झटकली आणि टीव्हीचं बटण दाबलं. काही झालं नाही. तिने रिमोट तळहातावर आपटला. काही झालं नाही. तिने रिमोटमधले सेल काढून उलटे घातले, मग परत सुलटे घातले. भावोजी टीव्हीच्या मागे गेले, वायर हलवली, वाकून वास घेतला आणि उभे राहिले.

"गेला," ते म्हणाले.

हा शब्द घरात नुकताच वापरून झाला होता.

"बाबा," ताई म्हणाली, "हा बंद पडलाय. तुम्ही रोज इथे बसून काय बघता?"

"तोच," बाबा म्हणाले.

ताईने माझ्याकडे बघितलं. मी भावोजींकडे बघितलं. भावोजी खूश दिसत होते. भावोजींना टीव्हीतलं फार कळतं. त्यांचा स्वतःचा टीव्ही घेऊन बरीच वर्षं झाली होती, दुसरा घ्यायला ताई देत नव्हती, आणि एवढं ज्ञान डोक्यात घेऊन माणूस घरात नुसता बसून होता. आता कोणाच्या तरी घरचा टीव्ही गेला होता. भूक लागलेल्या माणसाने दुसऱ्याच्या घरच्या जेवणाला जावं तसे ते पुढे सरसावले.

"पॅनेल कुठलं घ्यायचं ते आधी ठरवू," ते म्हणाले. "पॅनेल हा टीव्हीचा आत्मा असतो."

"मोठा घ्या," ताई म्हणाली. "आवाजाचा घ्या. या घरात आवाज पाहिजे. माणसाचा नाही तर टीव्हीचा."

"भिंत केवढी, तुम्ही बोलता केवढं," मी म्हणालो. "नाकापेक्षा मोती जड व्हायचा."

"तू गप बस. तू इथेच राहतोस आणि तुला टीव्ही गेलेला कळत नाही."

हे खरं होतं, त्यामुळे मी गप बसलो. गप बसणं मला जमतं. मी वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रार विभागात काम करतो. लोक लिहितात की मशीनने आमचं घर बुडवलं, आणि मी उत्तर लिहितो की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. दिवसभर हेच. त्यामुळे हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बाहेर येऊन आईबद्दल सांगून गेले तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "माहितीबद्दल धन्यवाद." डॉक्टर म्हणाले, "अं?" मी म्हणालो, "काही नाही." त्यानंतर बरेच दिवस मी त्याच आवाजात बोलत होतो. अजूनही बोलतोय बहुतेक.

आता बाबांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर दुकानात ते जे वागले ते तुम्हाला वेडेपणाचं वाटेल. तसं ते आहेच, पण त्याला कारण आहे.

बाबा आयुष्यभर बस चालवत होते. बस चालवणारा माणूस मागे वळून बघत नाही. त्याला मागचं सगळं आरशात दिसतं: कोण चढलं, कोण उतरलं, कोण दारात लोंबकळतंय. बाबांची मान त्यामुळे कायमची पुढे. घरातही ते वळत नसत. आम्ही मागून हाक मारली की समोरच्या कपाटाच्या काचेत बघून ओ द्यायचे. आई त्यांना पहिल्यांदा दिसली तीसुद्धा आरशातच. रोज एकाच थांब्यावर चढायची आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायची. आईच्या डाव्या गालावर तीळ होता. बाबांना तो आरशात उजव्या गालावर दिसला आणि त्यांच्यापुरता तो उजव्या गालावरच राहिला. लग्न झालं, आम्ही झालो, संसार झाला, तरी तीळ उजवीकडेच.

आम्हाला हे आई गेल्यावर कळलं. आम्ही तिचा फोटो मोठा करून आणला तर बाबा म्हणाले, "तीळ चुकीच्या गालावर आहे." ताई म्हणाली, "बाबा, हीच बाजू." बाबा म्हणाले, "मला विचारतेस का सांगतेस?" मग आम्ही फोटो स्टुडिओत गेलो आणि तो उलटा करून आणला. स्टुडिओवाला म्हणाला, मूळ फोटो तर सरळ आहे. मी म्हणालो, आपण निदर्शनास आणल्याबद्दल आभारी आहोत. उलटा केलेला फोटो आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशेजारी लावला. बाबा बघून म्हणाले, "हां. ही."

असे बाबा. आता दुकान.

दुकानात शिरताच समोरच्या भिंतीभर टीव्ही होते आणि सगळ्यांवर एकच बेडूक होता. हिरवा, ओला, घरातल्या कपाटाएवढा. तो सावकाश डोळे मिटायचा आणि सगळ्या भिंतीवरचे सगळे बेडूक सावकाश डोळे मिटायचे. भावोजी हरखून थांबले. "कातडी बघ," ते मला म्हणाले. "एकेक पुळी दिसतेय."

"बेडकाच्या पुळ्या बघायला टीव्ही घ्यायचाय का?" ताई म्हणाली.

एक विक्रेता आला. निळा टाय लावलेला, आणि टायवर कंपनीचं नाव. आपण त्याला टाय म्हणू. टायने आमच्याकडे बघून निर्णय कोण घेणार ते ओळखलं आणि चुकून भावोजींशी बोलायला लागला. दोघांची छान गट्टी जमली. निट्स, रिफ्रेश रेट, काळा रंग किती काळा. भावोजी म्हणाले, "खरा काळा कुठल्यात आहे?" टाय म्हणाला, "सर, खऱ्या काळ्यासाठी वर जावं लागेल." आम्ही वर गेलो. वरही तोच बेडूक होता, फक्त जास्त महाग.

"आणि बघणार कोण जास्त?" टायने विचारलं.

"माझे वडील," ताई म्हणाली. "बाबा, पुढे या ना."

"नमस्कार सर. आपण जास्त काय बघता? बातम्या, मॅच, सिनेमे?"

"बंद करा," बाबा म्हणाले.

टायने स्वतःचा आवाज कमी केला.

"टीव्ही बंद करा. हा. बंद करून दाखवा."

"बंद?"

"बंद असताना कसा दिसतो ते बघायचंय."

"बाबा," ताई म्हणाली, "टीव्ही चालू करून बघतात."

"चालू काय, सगळेच चांगले दिसतात. आम्ही नवीन गाडी ताब्यात घेताना आधी उभी असलेली बघायचो. उभी नीट असेल तर पळेल."

टाय हसला. मग बाबा हसत नाहीत हे बघून थांबला. त्याने टीव्हीच्या कडेवरून हात फिरवला, खालून फिरवला, मागून फिरवला. बटण सापडलं नाही. त्याने लांबच्या एका सहकाऱ्याला हाक मारली. तो आला, त्यानेही हात फिरवला. त्या दुकानात टीव्ही लावले तेव्हापासून कोणी बंद केलेच नव्हते. सकाळी मेन स्विच टाकायचा, रात्री काढायचा, मधे बेडूक. रिमोट सगळे मॅनेजरच्या खणात आणि मॅनेजर जेवायला. आम्ही उभे राहिलो. बेडूक डोळे मिटत राहिला.

मॅनेजर आल्यावर रिमोट आला आणि पहिला टीव्ही बंद झाला. म्हणजे बेडूक गेला आणि त्याच्या जागी एक डोंगर आला, खाली घड्याळ.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"काका, हेच तर याचं वैशिष्ट्य," टाय म्हणाला. सरचे काका झाले होते. "हा बंद केला की भिंतीवरच्या चित्रासारखा दिसतो. भिंत मोकळी वाटत नाही."

"म्हणजे हा बंद होतच नाही."

"होत नाही म्हणजे, होतो, पण दाखवत राहतो."

"मग नको."

दुसरा बंद केला. तो खरोखर बंद झाला. काळा नाही, करडा, धुतलेल्या पाटीसारखा. बाबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"काही दिसत नाही याच्यात."

"काका, तेच," टाय म्हणाला. आता त्याला आपण जिंकतोय असं वाटत होतं. "अँटी ग्लेअर. खिडकीसमोर ठेवा, दिव्यासमोर ठेवा, काहीही उमटणार नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"मीसुद्धा नाही?"

"अजिबात नाही."

"सगळ्यात भारी गोष्ट ही," भावोजी म्हणाले. "यासाठीच लोक एवढे पैसे मोजतात."

"आपण दिसू नये म्हणून?" बाबा म्हणाले. "मग नको."

असे बरेच टीव्ही बंद झाले. दुकानाची ती भिंत हळूहळू काळी होत गेली, जणू बेडकांमध्ये साथ आली होती. प्रत्येक बंद टीव्हीसमोर बाबा आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि मला म्हणायचे, "धाकट्या, मागे जा. आणखी मागे. त्या फ्रीजपाशी. आता चालत ये." मी चालत यायचो. "कोणी आलं का?" ते स्वतःलाच विचारायचे, काचेकडे बघत. मग म्हणायचे, "नाही कळत." पुढचा टीव्ही. मी परत फ्रीजपाशी. टायचे सहकारी काम सोडून बघायला लागले होते. एकाने मला विचारलं, "चित्रीकरण चाललंय का?"

तिसऱ्या की चौथ्या वेळी फ्रीजपाशी उभा असताना मला कळलं. आमच्या घरात सोफ्याच्या बरोबर मागे स्वयंपाकघराचं दार आहे. सोफ्यावर बसलं की समोरच्या बंद टीव्हीत ते दार दिसतं. संध्याकाळी आई त्या दारातून चहा घेऊन यायची. बाबांनी तिला येताना कधी वळून बघितलं नाही. त्यांना ती टीव्हीत दिसायची, कप हातात घेऊन, तीळ उजव्या गालावर. मालिका लागायच्या आधी, बातम्या संपल्यावर, कधीतरी वीज गेल्यावर. बाबा बंद टीव्ही बघत नव्हते. दार बघत होते.

ताई माझ्यामागे आली. "तू काय त्यांच्या नादाला लागून फेऱ्या मारतोयस? लाज वाटते लोकांसमोर."

"ताई," मी म्हणालो, "सोफ्यावरून स्वयंपाकघराचं दार दिसतं त्या टीव्हीत."

"मग?"

"मग काही नाही. ते दिसतं."

ताई फ्रीजकडे बघत राहिली. तिने फ्रीजचं दार उघडलं, आतला दिवा लागला, तिने बंद केलं. खांद्यावरची पिशवी नीट केली. मग ती सरळ टायकडे गेली.

"तुमच्याकडे सगळ्यात वाईट काच कुठल्या टीव्हीची आहे?"

"वाईट म्हणजे, मॅडम?"

"ज्याच्यात बंद असताना सगळ्यात जास्त दिसतं. सगळी खोली दिसते. लोक ज्याच्याबद्दल तक्रार करतात तो."

"पण तो कशाला? मी म्हणतो तुम्ही यांचं ऐका," टाय भावोजींकडे हात करून म्हणाला. भावोजींनी मान हलवली. त्यांच्या मते हा सगळा प्रकार हात दाखवून अवलक्षण होता.

"त्यांचं मी रोज ऐकते," ताई म्हणाली. "तुम्ही काच दाखवा."

टाय आम्हाला खाली घेऊन गेला, मिक्सरच्या पलीकडे, जिन्याच्या पोटात. तिथे एक त्रेचाळीस इंची टीव्ही जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलेला होता. त्याच्यावर बेडूकही नव्हता. "हे लॉजवाले नेतात," टाय म्हणाला. "आजोबा, मी आधीच सांगतो, दुपारी याच्यात मॅच बघता येत नाही. स्वतःचं तोंड दिसतं."

बाबा त्याच्यासमोर गेले. काच अंधाऱ्या पाण्यासारखी होती. तिच्यात बाबा होते, मिक्सर होते, जिना होता, टायच्या टायवरचं कंपनीचं नाव उलटं होतं. बाबांनी बोटांनी केस सारखे केले. मग म्हणाले, "धाकट्या, मागे जा."

मी मागे गेलो आणि आलो.

"आलास," ते म्हणाले. "हाच."

भावोजींचा चेहरा आई गेली तेव्हाही एवढा पडला नव्हता. "चित्राचा दर्जा एकदा तरी चालू करून बघा," ते म्हणाले. कोणी ऐकलं नाही. परत येताना रस्त्यात ते एकदाच बोलले, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार." ताई म्हणाली, "तुम्ही पुढे बघून चालवा."

आता यातली खरी मूर्खपणाची गोष्ट सांगतो.

दुसऱ्या दिवशी दुकानातून एक माणूस टीव्ही लावायला आला. त्याच्या हातात लोखंडी ब्रॅकेट आणि ड्रिल. आपण त्याला ब्रॅकेटवाला म्हणू. त्याने भिंत टकटक करून बघितली, भोकं पाडली, नवीन टीव्ही लावला आणि जुना टीव्ही पोत्यासारखा उचलून खांद्यावर घेतला. जुना देऊन नवीन घेतला की थोडी सूट मिळते, ती योजना ताईने आधीच ठरवून टाकली होती.

"तो कुठे नेताय?" बाबांनी विचारलं.

"भंगारात, काका. बंदच आहे ना."

"हो," बाबा म्हणाले. "बंदच आहे."

ब्रॅकेटवाला जिना उतरला. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. आणि तेव्हा, त्या आवाजाबरोबर, मी, ताई आणि भावोजी, तिघांनाही एकदमच सुचलं की आम्हाला बंद असताना चांगला दिसणारा टीव्ही हवा होता, आणि तसा आमच्याकडे होता. पक्का बंद. कायमचा बंद. त्याच्यात दार दिसत होतं, आई दिसलेली होती, बाबांना त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती. आम्ही दुकानभर बेडूक मारत हिंडलो ते आमच्या घरात असलेल्या वस्तूसाठी.

"पळ," ताई मला म्हणाली.

मी खिडकीपर्यंत गेलो. टेम्पो कोपऱ्यावर पोचला होता. मागे, दोऱ्या बांधलेल्या सामानात, जुना टीव्ही आमच्याकडे तोंड करून होता आणि त्याच्यात आमची इमारत लहान होत चालली होती.

"राहू दे," बाबा मागून म्हणाले. "सुटलेल्या गाडीमागे धावायचं नाही." हे ते आयुष्यभर प्रवाशांना सांगत आले होते. बऱ्याच प्रवाशांनी ते ऐकलं नाही, पण मी ऐकलं.

ते सोफ्यावर बसले, नेहमीच्या जागी, आणि नवीन टीव्हीकडे बघितलं.

"पंखा दिसतोय," ते म्हणाले.

जुना टीव्ही बुटक्या टेबलावर होता. नवीन भिंतीवर, वर. सोफ्यावरून त्याच्यात छताचा पंखा दिसत होता आणि ट्यूबलाइट. दार कुठेच नव्हतं. ब्रॅकेटवाल्याने पंखा मात्र अगदी मधोमध आणून दिला होता.

ताईने ओढणी कमरेला बांधली. भावोजींनी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून घड्या घातल्या. या कामात त्यांचं ज्ञान उपयोगी पडलं हे मान्य केलं पाहिजे. ब्रॅकेट कसं वाकतं हे एकट्या त्यांनाच माहीत होतं. ते टीव्ही पुढे झुकवायचे, ताई मागे पुठ्ठा सारायची आणि बाबा सोफ्यावरून सांगायचे. मला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं होतं. कोणीतरी दारात असल्याशिवाय दार नीट दिसतंय का ते कसं कळणार.

"आणखी खाली," बाबा म्हणाले. "आणखी. पंखा गेला. दाराची वरची चौकट आली. धाकट्या, तुझं डोकं आलं."

"मग झालं?" भावोजींनी विचारलं.

"तुमची सासू एवढी उंच नव्हती."

सगळे थांबले. मग मी गुडघे वाकवले.

"आणखी," बाबा म्हणाले. मी आणखी वाकवले. "हां. आता हातात काहीतरी घे. ती कधी रिकाम्या हाताने यायची नाही."

मी ओट्यावरचा कप घेतला आणि परत दारात वाकून उभा राहिलो.

"रिकामा आहे तो."

"बाबा, तिथून तुम्हाला कसं कळतं?"

"रिकामा कप माणूस वेगळा धरतो."

मी चहा केला. चहा होईपर्यंत भावोजी टीव्ही धरून उभे होते आणि ताई पुठ्ठा धरून. चहा कपात ओतला, दारात आलो, गुडघे वाकवले.

"थांब," बाबा म्हणाले. "तिथेच."

"पुठ्ठा बसवू?" ताईने विचारलं.

"बसव."

ताईने पुठ्ठा बसवला. भावोजींनी हळूच हात काढले. टीव्ही थांबला, पुढे झुकलेला, आपलं काहीतरी खाली पडलंय आणि ते शोधतोय असा. बाबा बघत होते. मला समोरच्या काचेत बाबांची टाळू दिसत होती, तिच्या मागे मी, वाकलेला, कप घेऊन. माझ्या गालावर तीळ नाही.

"आता काय करू?" मी विचारलं.

"काही नको. उभा राहा."

मी उभा राहिलो. मांड्या भरून आल्या. चहावर साय धरली. ताई स्टुलावरून उतरून तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

एक गोष्ट मात्र चुकली. दाराशेजारचा आईचा फोटो जुन्या लहान टीव्हीत मावत नसे, तोही आता टीव्हीत दिसायला लागला, आणि तो आम्ही आधीच उलटा करून आणलेला. उलट्याचं काचेत परत सुलट झालं. बाबांनी निरखून बघितलं आणि म्हणाले, "तीळ परत चुकलाय." मी फोटो घेऊन परत स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्याला म्हणालो, सरळ करून द्या. तो म्हणाला, मी तेव्हाच सांगत होतो. मी म्हणालो, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. आता भिंतीवर आई सगळ्या जगाला दिसायची तशी आहे, आणि टीव्हीत बाबांना दिसायची तशी.

तेव्हापासून असं चाललंय. मी कामावरून येतो, बूट काढतो, पण सोफ्यावर बसत नाही. सरळ आत जातो. चहा करतो. दारात येतो, गुडघे थोडे वाकवतो आणि तसाच चालत सोफ्यापर्यंत जातो. बदकासारखा दिसत असेन. बाबा मागे वळत नाहीत. मी पोचलो की म्हणतात, "ठेव." आईलाही ते एवढंच म्हणायचे. मग मी सरळ उभा राहतो आणि ते विचारतात, "आज काम कसं होतं?" मी म्हणतो, "ठीक." आठवड्यातून एकदा भावोजी फोन करून विचारतात, "चित्र कसं आहे?" मी सांगतो, "स्पष्ट."

हे चांगलं आहे की वाईट, मला कळत नाही. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "गुडघ्याला मलम लाव." बाबांना विचारलं नाही. परवा मात्र मी कप ठेवला तेव्हा ते म्हणाले, "तू येताना दिसतोस. पण तूच आलास असं दिसतं." मी म्हणालो, "म्हणजे?" ते म्हणाले, "काही नाही. काचेचा दोष असेल."

योगायोगाने काल टीव्ही कंपनीकडून विचारणा आली, की आपण आमच्या उत्पादनाबाबत समाधानी आहात का, काही अडचण असल्यास निःसंकोच कळवा. असे मजकूर मी स्वतः लिहितो. कोणी निःसंकोच कळवलं तर त्याचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे. तरी कळवलं, ते असं:

महोदय,

विषय: संच बंद असताना चित्र अपूर्ण दिसण्याबाबत.

वरील विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या कंपनीचा त्रेचाळीस इंची संच आमच्या बैठकीच्या खोलीत बसविण्यात आला असून तो बंद स्थितीत समाधानकारक चालत आहे. संचामध्ये सोफा, स्वयंपाकघराचे दार, दाराची कडी, कै. मातोश्रींचा फोटो, तसेच निम्नस्वाक्षरीकार (गुडघे वाकवून) स्पष्ट दिसतात. तथापि सदर दारातून दररोज संध्याकाळी चहा घेऊन येणारी व्यक्ती संचात अद्याप दिसू लागलेली नाही. जुन्या संचात ती नियमित दिसत असे. माझे वडील रोज संध्याकाळी समक्ष हजर राहून खात्री करीत आहेत. संच हमीच्या मुदतीत आहे आणि काचेला कोणीही हात लावलेला नाही.

तरी आपल्या प्रतिनिधीने संध्याकाळच्या सुमारास प्रत्यक्ष भेट देऊन संचातील उपरोक्त दोष दूर करावा आणि सदर व्यक्ती, उजव्या गालावरील तिळासह, पूर्ववत दिसेल अशी व्यवस्था करावी, ही नम्र विनंती. प्रतिनिधीने येताना स्वयंपाकघराच्या दारातून यावे, आणि हात रिकामे नसावेत.